टिटवी जिना उतरते

लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं मला बाजूला घेऊन एक गोष्ट बजावली होती. मावशी परिचारिका, सगळी नोकरी तिनं हाडांच्या वॉर्डात काढलेली. "मुलगा गुणी आहे," ती म्हणाली, "पण एक ध्यानात ठेव. ज्याच्या हाताला जगाची दुखणी कळतात ना, त्याला घरातलं दुखणं तोंडानं सांगावं लागतं. तू रुसून बसशील आणि तो समजेल, हिला झोप आली."

मी हसण्यावारी नेलं. मावशीला कुठल्याही जावयात खोट दिसायचीच. शिवाय ज्या माणसानं पहिल्याच भेटीत माझी मान बघून 'तू उशी फार उंच घेतेस' म्हणून सांगितलं, त्याला माझा रुसवा कळणार नाही होय?

त्याला फक्त उशी कळली होती.

माझा नवरा खेळाडूंचा फिजिओ आहे. कुणाचा स्नायू आखडला, कुणाचा गुडघा कुरकुरतोय, कुणाला पट्टी बांधायची, हे त्याचं काम. तो कुणाला 'कुठे दुखतंय' असं विचारत नाही. अंगठा टेकवतो आणि त्याला कळतं. आणि गेली काही वर्षं तो अंगठा सगळ्यात जास्त टेकला तो एकाच मुलीच्या पायांवर. संघातले सगळे तिला टिटवी म्हणतात. काटक्यांसारखे लांब पाय आणि सदा टिवटिवाट. ती खेळायची ती सात प्रकारांची स्पर्धा. अडथळे, उंच उडी, गोळा, भाला, लांब उडी, धावणं, सगळं एकीनंच दोन दिवसांत करायचं आणि शेवटी गुणांची बेरीज. तिचं वेळापत्रक आमच्या फ्रीजवर लावलेलं असायचं. आमच्या लेकीच्या, ठकूच्या, लसींचा कागद त्याच्या खाली दबलेला.

माझी ताई फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायची, "काय गं, सवत काय म्हणते?"

"ताई, ती त्याला दादा म्हणते."

"मग झालं तर. दादा म्हणणारीवर जळतेस? अगदीच वाया गेलीस तू."

तिथंच तर माझी गोची होती. संशय घ्यायला जागा असती तर निदान भांडता तरी आलं असतं. टिटवी त्याला 'दादा, तू' म्हणायची आणि मला 'वहिनी, तुम्ही'. तिच्या वागण्यात बोट ठेवायला तिळाएवढी जागा नव्हती. आणि तिचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या पोटरीत गोळा आला की याला तीनशे मैलांवरून कळायचं. ठकूला कडेवर घेऊन घेऊन माझा खांदा असा भरून यायचा की केस विंचरताना हात वर जात नसे, तो मात्र याला शेजारच्या उशीवरून कळला नव्हता.

तर त्या वर्षी जगभरातल्या खेळाडूंचा तो मोठा मेळा भरला, आणि संघाबरोबर हाही गेला. शेवटच्या आठवड्यात मीही दीड वर्षाच्या ठकूला घेऊन गेले. त्याला एक दिवस सुट्टी मिळणार होती. सकाळी एखादी स्पर्धा बघायची, दुपारी शहर फिरायचं, संध्याकाळी मुख्य मैदानात जायचं, असं आम्ही फोनवर कितीदा तरी ठरवलं होतं. फक्त आम्ही तिघं.

हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत ठकू उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढून टेबलाला फासत होती. पाव चावता चावता तो म्हणाला, "आज टिटवी पण येईल आपल्याबरोबर."

"कुठे?"

"सगळीकडेच. उद्यापासून तिची स्पर्धा ना. खोलीत बसून ती स्वतःचं डोकं खात बसेल, असं कोच म्हणाले. जरा फिरवून आण, पण फार चालवू नको म्हणाले."

"मग बाबागाडीत बसव," मी म्हटलं.

तो खळखळून हसला. त्याला तो विनोद वाटला.

टिटवी तिरंदाजीच्या मैदानाच्या फाटकाशी उभी होती. संघाचं जाकीट, थंडी नसताना पोटऱ्यांपर्यंत चढवलेले जाड मोजे, आणि ठकूसाठी कागदी झेंडा. ठकूनं आधी झेंडा घेतला, मग तिचं बोट घेतलं, आणि माझ्या हातातून निसटून गेली. दीड वर्षाच्या पोरीची निष्ठा ती काय! एका कागदी झेंड्यात विकली गेली.

"दादा, झोप झाली का? वहिनी, प्रवास कसा झाला तुमचा?" टिटवीनं विचारलं.

"छान," मी म्हटलं. खरं तर रात्रभर ठकू माझ्या मांडीवर होती.

तिरंदाजीत आवाज करायचा नसतो. तिरंदाज दोरी ओढून गालाला लावतो तेव्हा सगळी बाकं श्वास धरून बसतात. ठकूला अशा शांततेत हमखास बोलायला सुचतं. मी तिच्यापुढे बिस्किट धरलं, पाण्याची बाटली धरली, शेवटी तोंडावर हात ठेवला तर ती भोकाड पसरायच्या बेतात आली. टिटवीनं तिला अलगद उचललं, मांडीवर बसवलं, आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. ठकू गप्प. बाण सुटला, ठक्क करून लागला, टाळ्या पडल्या, तेव्हा टिटवीनं तिच्या इवल्या तळव्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा दोरी ताणली, पुन्हा दोघी गप्प.

"बघ," माझा नवरा माझ्याकडे वाकून म्हणाला, "कसं जमतं तिला!"

"हो ना," मी म्हटलं. "मलाच जमत नाही बहुतेक."

"असं कुठे म्हटलं मी?"

शेजारच्या बाईनं आम्हाला गप्प बसायची खूण केली. कधी नव्हे ते एक भांडण रंगात येत होतं, तेही तिरंदाजीच्या नियमात बसेना.

"तिचं शरीर यंदा इतकं छान चाललंय ना," बाहेर पडताना तो म्हणाला. टिटवी आणि ठकू मागे होत्या. "आठवडाभर तिला हात लावावा लागला नाही मला. रोज विचारतो, तर म्हणते, काही नाही दादा, एकदम मस्त. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मोकळा आहे."

"मग मोकळा आहेस तर घरी फोन तरी करायचास."

"केला की परवा."

पाठीला डोळे असल्यासारखी मी मागे वळून वळून बघत होते. टिटवी दिवसभर आमच्या मागेच चालत होती. हा थांबला की थांबायची, चालू लागला की त्याला पुढे जाऊ द्यायची. मी मनात म्हटलं, वा गं वा, केवढी मर्यादा! मला दाखवायला.

शहराच्या मध्यावर घड्याळाचा एक उंच मनोरा आहे, तिथं आम्ही गेलो. वर जायला लिफ्ट मिळाली. वरून सगळं दिसत होतं: कौलं, नदी, पूल, लांबवर मैदानाची पांढरी कड. माझ्या मनात होतं, त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकून उभं राहावं आणि कुणी तरी आमचा फोटो काढावा. कुणी तरी म्हणजे टिटवीनंच काढला. फोटोत त्याचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि मी वेदनेनं तोंड वाकडं केलं आहे, कारण तो नेमका दुखऱ्या जागी पडला होता. त्याला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं.

उतरताना लिफ्टला भली मोठी रांग. "चला, जिन्यानं जाऊ," तो म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे," टिटवी म्हणाली. "ठकूला नवीन नवीन जिना येतोय ना, मी तिला सावकाश आणते."

ठकू तेव्हा नुकती पायऱ्या उतरायला शिकली होती. मुलं कशी उतरतात ठाऊक आहे ना? एक पाय खाली टाकायचा, दुसरा आणून त्याच्या शेजारी ठेवायचा, दोन्ही पाय जुळले की जग जिंकल्यासारखं बघायचं आणि मग पुढची पायरी. टिटवी तिचं बोट धरून अगदी तशीच उतरत होती. एक पाय खाली, दुसरा शेजारी. "टुप्प!" म्हणायची. ठकू म्हणायची, "तुप्प!" सगळा मनोरा टुप्प टुप्प करत होता. वरून उतरणारे लोक त्यांच्यामागे खोळंबले, पण एकही चिडला नाही. सगळे हसत होते. माझा नवरा खाली उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता.

माझी लेक पहिला मोठा जिना उतरली ती दुसरीच्या बोटाला धरून. चित्रणात मी कुठेच नाही. एका कोपऱ्यात माझी पर्स तेवढी दिसते.

नंतर आम्ही नदीकाठी गेलो. तिथून होडीनं शहर दाखवतात. ठकू पेंगुळली होती आणि माझ्या कडेवर होती. घाटासारख्या दगडी पायऱ्या पार पाण्यापर्यंत उतरत होत्या, बाजूला लोखंडी कठडा. मी पहिल्या पायरीवर पाय टाकणार, तोच मागून टिटवी म्हणाली, "दादा, वहिनींचा खांदा दुखतोय रे. सकाळपासून एका बाजूला कलल्यात त्या. घे ना तिला."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. "हो का गं? बोलली नाहीस!"

इतक्या महिन्यांत जे त्याला दिसलं नाही ते हिनं सकाळपासून दुपारपर्यंत हेरलं, आणि त्याला कळलं तेही हिच्या तोंडून. माझ्या दुखण्याची बातमीसुद्धा तिच्यामार्फत जावी! ठकूला मी त्याच्याकडे दिली, जवळजवळ फेकलीच, आणि तरातरा उतरू लागले. तो ठकूला घेऊन माझ्याही पुढे निघाला.

खाली पोचता पोचता ठकूनं पायातला बूट झाडला. पोरीची खोडच आहे ती. बूट मागच्या पायरीवर पडला, मी तो उचलायला वाकले आणि मागे वळून वर बघितलं.

टिटवी उतरत होती. उजवा पाय खाली. डावा आणून शेजारी. उजवा खाली. डावा शेजारी. हात कठड्यावर घट्ट. आता तिच्या बोटाला ठकू नव्हती, 'टुप्प' नव्हतं, खेळ नव्हता. ओठ मिटलेले होते आणि डोळे पायरीवर.

तिला माझी नजर जाणवली. पुढच्या दोन पायऱ्या ती चटचट उतरली, तुमच्याआमच्यासारखी. दुसऱ्या पायरीवर तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि ती हसली.

होडीत वाटाड्या बाई काय काय दाखवत होती. हा जुना पूल, हा नवा पूल, इथं पूर्वी गोदामं होती. मला एकही दिसलं नाही. मी तिचे मोजे बघत होते. ऊन असताना मोजे कशाला? ती दिवसभर मागे का चालत होती? मर्यादा कसली आलीये! माझ्या नवऱ्याला चाल दिसू नये म्हणून. आठवडाभर त्याचा हात का नको होता? कारण हात लागला की त्याला कळलं असतं, आणि त्याला कळलं की संघाच्या डॉक्टरांना सांगणं त्याला भाग असतं. नियमच आहे तसा. डॉक्टरांनी नाही म्हटलं की राखीव मुलगी मैदानात. आणि आमचे हे शहाणे काय समजले, तर 'तिला काही दुखतच नाही'! घरात पोर बराच वेळ गप्प आहे म्हटल्यावर आई उठून बघते, की काय फाडतंय, काय गिळतंय. हा खूश होऊन बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला आधी काय वाटलं, ते लिहिते. गुदगुल्या झाल्या. पोटातून, खोलवरून. मनात म्हटलं, सापडली! हिच्याही काटक्यांना कीड लागते. उद्या ही स्पर्धेत नाही, म्हणजे उद्या हा मोकळा. उद्या, परवा, सगळा आठवडा. एक वाक्य बोलायचा अवकाश.

आणि त्या वाक्यापाशी येऊन माझी जीभ अडकली. ताई नेहमी थट्टेत म्हणते ना, नवरा मेला तरी चालेल पण सवत विधवा झाली पाहिजे! सांगितलं तर मी तीच बाई ठरणार होते. आणि नाही सांगितलं तर? उद्या ती धावत येऊन त्या पायावर उडी मारणार. हाडांच्या वॉर्डातल्या गोष्टी ऐकत मी मोठी झालेय. टाचेमागची शीर तुटते तेव्हा कुणी मागून लाथ मारल्यासारखं वाटतं आणि माणूस वळून बघतो, तर मागे कुणी नसतं. सांगितलं तरी मत्सर, गप्प बसले तरी मत्सरच. कुठून निघू?

होडीनंतर आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. ठकूचं डायपर बदलायला मी आयांसाठीच्या खोलीत शिरले. भिंतीला लावलेली फळी, हात धुवायचं भांडं, ओल्या कागदांचा वास. टिटवी मागोमाग पिशवी घेऊन आली. दार लागलं. मी ठकूला आडवं केलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "उजवा ना?"

ती पिशवीतून नवा डायपर काढू लागली.

"टाचेच्या मागे?"

"वहिनी, दादाला नका सांगू."

"किती दिवस झाले?"

"सकाळी उठल्यावरच जास्त असतं. गरम झाल्यावर कळतही नाही." ती भराभर बोलू लागली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर तोडून टाका म्हणाले तरी चालेल मला."

"शहाणीच आहेस. तोडून टाका म्हणे!"

"वहिनी, पुढच्या वेळी मला कुणी घेणार नाही. वय बघा माझं. खाली दोघी-तिघी उभ्याच आहेत. तुम्हाला नाही कळायचं."

"का नाही कळायचं? मी काय जन्मापासून डायपरच बदलतेय?"

ठकूनं एक लाथ मारली, पावडरचा डबा खाली पडला. टिटवी तो उचलायला खाली बसली. वाकली नाही, डावा गुडघा टेकून बसली. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनं बघितलं.

"तुम्हाला मी आवडत नाही," ती खालूनच म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. "मला ठाऊक आहे पहिल्यापासून. म्हणून तर तुम्हाला दिसलं. दादा माझ्यावर विश्वास ठेवतो, त्याला नाही दिसलं."

"ते काहीही असो. तू आपणहून सांग त्याला. संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी सांगेन."

ती उभी राहिली आणि डबा माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगितलंत तर त्याला काय वाटेल, माहितीये ना वहिनी?"

हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मला तिला एक ठेवून देता आली नाही.

संध्याकाळी मुख्य मैदानात दिवे लागले होते. बांबूउडी चालली होती. मुली लांबलचक काठी घेऊन धावत यायच्या, काठी वाकायची, त्या आभाळात जायच्या आणि क्षणभर तिथंच राहायच्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तोंडात बोट घालून बघत राहिले असते. आमच्या रांगेत तो, मी आणि माझ्या मांडीवर ठकू. पलीकडच्या टोकाला टिटवी. ती सांगेल म्हणून मी वाट बघत होते. ती त्याला उद्याच्या अडथळ्यांबद्दल सांगत होती, कुठली लेन, कोण शेजारी. हसत होती. शेवटी "पाणी आणते" म्हणून ती उठली.

"तिच्या पायाला काहीतरी झालंय," मी म्हटलं. "उजव्या. टाचेमागे. ती लपवतेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. गर्दीनं जोरात आरोळी ठोकली. कुणीतरी आडवी काठी पार केली होती. तो आवाज ओसरेपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता.

"हे बघ," तो हळू म्हणाला, "तुला ती आवडत नाही, मला कळतं. मी काही आंधळा नाही. पण उद्या तिची स्पर्धा आहे."

"आंधळाच आहेस."

"मी रोज बघतो तिला!"

"रोज पुढे चालतोस तिच्या."

टिटवी पाण्याच्या बाटल्या घेऊन बाकांच्या मागच्या वाटेनं आली तेव्हा आम्ही दोघंही तिथं जाऊन उभे होतो. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"टिटवी," तो म्हणाला, "पायाला काही आहे का? वहिनी म्हणतात—"

"कुठे काय दादा?" ती हसली. "वहिनींना काळजी वाटते माझी." आणि त्याच पायावर तिनं एक उडी मारून दाखवली. अशी सफाईदार, की क्षणभर मलाच वाटलं, मी स्वप्न बघितलं की काय.

"झालं समाधान?" तो मला म्हणाला.

लग्नानंतर इतकं मला काही लागलं नव्हतं. ती जिंकली म्हणून नाही. त्यानं तिला विचारलं आणि तिचं ऐकलं म्हणून. जगात कुणाला 'कुठे दुखतंय' न विचारणारा माणूस, आज माझ्या शब्दाची वेळ आली तेव्हा विचारून मोकळा झाला.

"हात लाव," मी म्हटलं.

"काय?"

"तिच्या पायाला हात लाव. विचारतोस काय? तुझी ती पद्धत आहे का? बस खाली, मोजा काढ आणि हात लाव."

इतकी वर्षं त्याचा हात तिच्या पायावर आहे, या विचारानं मी जळत होते. आणि आता भर वाटेत, लोक आजूबाजूनं शेंगदाण्यांच्या पुड्या घेऊन जात असताना, मीच ओरडत होते, हात लाव म्हणून. ठकू घाबरून माझ्या मानेला चिकटली.

"दादा, नको," टिटवी म्हणाली. एवढंच.

त्यानं ते 'नको' ऐकलं आणि तो खाली बसला. मोजा उतरवला. अंगठा आणि तर्जनी, एवढंच, टाचेच्या वर, चिमटीत. तिच्या तोंडून आवाज आला नाही. पण तिच्या हातातली बाटली चुरमडली आणि पाणी त्याच्या डोक्यावर सांडलं. त्यानं पुसलंही नाही. बोटं तिथंच होती. मग त्यानं मोजा वर चढवला, दोन्ही हातांनी, ठकूला चढवतो तसा.

"डॉक्टरांना फोन करावा लागेल मला," तो म्हणाला.

"माहितीये," टिटवी म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, ठकूला थंडी वाजतेय. तिला आत न्या."

राखीव मुलगी खेळली. बऱ्यापैकी खेळली म्हणे. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, एखाद-दुसऱ्या उडीतच ती शीर तुटली असती. म्हणजे माझं बरोबर होतं. पण कुणी मला तसं म्हटलं नाही आणि मीही कुणाकडून वदवून घेतलं नाही.

पुढचे दोन दिवस हा मोकळा होता. आम्ही बाग बघितली, तटबंदी बघितली, माशांचं काचघर बघितलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं: आम्ही तिघं, त्याचा हात, फोटो. त्यानं माझा खांदाही दाबून दिला. काचघरात एका मोठ्या माशापुढे उभा असताना तो म्हणाला, "तू ते तिच्यासाठी सांगितलंस, की..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. मी म्हटलं, "मलाही माहीत नाही." तो म्हणाला, "बरं." माशानं तोंड उघडलं, मिटलं.

आता आम्ही आमच्या शहरात आहोत. तोही घरी वेळेवर येतो. फ्रीजवर फक्त ठकूच्या लसींचा कागद आहे. आणि तरी जेवायला बसलो की ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलेली असते, पूर्वी कधी बसली नव्हती इतकी. त्याचा फोन वाजला की माझी नजर आधी जाते, तिचा नसेल ना म्हणून. पूर्वी असेल म्हणून जळायचे, आता नसतो म्हणून जळते. तिनं संघ सोडला. मैदानावर येत नाही. त्यानं फोन केला की निरोप येतो, 'मी बरी आहे दादा, एकदम मस्त.' आणि तो ते वाचून खरंच निवांत होतो! ताई म्हणाली, "मग तू जा ना." मी गेले होते. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी दार वाजवल्यावर तो बंद झाला, पण दार उघडलं नाही. तिच्या जागी मी असते तरी उघडलं नसतं.

म्हणून हे लिहिलं. सराव मैदानाच्या मागच्या गल्लीत सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावरची खोली. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा कामाला जात असाल, तर एकदा तिच्याकडे डोकावून या. माझं नाव काढू नका. काहीतरी निमित्त काढा, पत्ता विचारा, पाणी मागा. ती दारातूनच हसून सांगेल, मी बरी आहे. तेवढ्यावर परतू नका. आत जा, बसा थोडा वेळ, आणि ती खरंच कशी आहे ते नीट बघून या.